टेरा कॅबिनेट, रायझन ७ ७७०० आणि बुटका कूलर: ५३ मिमी घ्यावा की ६७?

मांडवीकाठ:

नमस्कार मंडळी. लहान आकाराचा पीसी जुळवतोय आणि कूलरपाशी अडलोय. भाग असे: रायझन ७ ७७००, बी६५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ (१६-१६च्या दोन पट्ट्या), ५० मिमी जाडीचं ग्राफिक्स कार्ड, एसएफएक्स पॉवर सप्लाय. कॅबिनेट फ्रॅक्टल टेरा. प्रोसेसरबरोबर रेथ प्रिझम कूलर मिळाला, पण तो सुमारे ९३ मिमी उंच आहे, टेरात बसणं शक्यच नाही.

काम मुख्यतः जत्रांमधल्या नाटकांच्या चित्रीकरणाचं संपादन. दोन-अडीच तासांचं नाटक एकदा एक्स्पोर्टला लावलं की मशीन बराच वेळ सलग राबतं. घर मिरामारला, किनाऱ्यापासून जवळ. खोलीत एसी नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीतच ३३-३४ अंश असतात.

यादीत चार कूलर आहेत: नॉक्टुआ एनएच-एल९ए-एएम५ (३७ मिमी), थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ (४७ मिमी), त्याचाच भाऊ एएक्सपी९०-एक्स५३ (५३ मिमी) आणि एएक्सपी१२०-एक्स६७ (६७ मिमी). जेवढा उंच तेवढा थंड, हे कळतं. पण टेरात ६७ चा खरोखर बसेल का? प्रोसेसर '६५ वॅटचा' आहे, मग ३७ मिमीचाही पुरेल का? आणि पूर्ण तांब्याचा कूलर मिळतोय, तो आमच्या खाऱ्या हवेत टिकेल का?

*

डिचोली_बिल्डर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर चुकलं की बाकीचं सगळं चुकतं.

डब्यावरचे ६५ वॅट म्हणजे प्रोसेसर खातो ती वीज नव्हे. एएम५वर (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) ६५ वॅटच्या वर्गातल्या प्रोसेसरला बोर्ड ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ देतो. या मर्यादेला पीपीटी म्हणतात आणि ती डब्यावरच्या आकड्याच्या साधारण १.३५ पट असते. म्हणजे एक्स्पोर्ट चालू असताना तुमच्या कूलरला सलग ८८ वॅटपर्यंत उचलायचे आहेत. त्यात झेन ४ ची (तुमच्या प्रोसेसरची पिढी) अडचण अशी की आठही गाभे (कोअर) सुमारे ७० चौरस मिमीच्या एका चिमुकल्या तुकड्यात आहेत. इतक्या कमी जागेतून उष्णता बाहेर यायला वाटच अरुंद. त्यामुळे तेवढेच वॅट जुन्या प्रोसेसरवर जितके गरम वाटायचे त्यापेक्षा इथे जास्त वाटतात. कूलर बदलून हा भाग सुधारत नाही, म्हणून ७७०० ला ८० च्या पुढे गेलेलं पाहून घाबरू नका. त्याची मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग उतरवतो, जळत नाही.

आता गोव्याचा हिशेब. कूलर तापमान 'अमुक इतकं' ठेवत नाही, खोलीच्या वर अमुक अंश ठेवतो. परदेशी चाचणीत खोली २३ अंशांवर आणि प्रोसेसर ७५ वर दिसला, तर तो कूलर ५२ अंशांची वाढ देतोय. तीच वाढ मे महिन्यातल्या ३३ अंशांच्या खोलीवर ठेवा: ८५. शिवाय बहुतेक चाचण्या उघड्या बोर्डावर होतात. बंद कॅबिनेटात आतली हवा खोलीपेक्षा आणखी काही अंश गरम असते. म्हणून चाचणी वाचताना शेवटचा आकडा पाहू नका. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, आपलं मिळवा, वर थोडी सूट ठेवा. चाचणीत खोलीचं तापमान आणि वॅट दिलेलेच नसतील तर ती तुमच्या कामाची नाही.

या हिशेबात ३७ मिमीचा नॉक्टुआ ८८ वॅटवर चालतो, पण मे महिन्यात त्याचा पंखा सतत पूर्ण वेगाच्या आसपास राहील. ९२ मिमीचा, १४ मिमी जाडीचा तो पंखा २५०० फेऱ्यांपर्यंत जातो. नाटकाचे संवाद ऐकत आवाजाची पट्टी जुळवताना तो आवाज नकोसा होईल. जागा खरोखर ३७ मिमीच असेल तेव्हाच तो घ्यावा. तुमच्याकडे त्याहून जास्त आहे.

आणखी एक, खरेदीआधीचं. नावात 'एएम५' असलेलाच घ्या. जुना एनएच-एल९ए-एएम४ दिसायला तसाच आहे, पण तो स्वतःची बॅकप्लेट (बोर्डामागची आधाराची पट्टी) वापरतो आणि एएम५च्या बोर्डावर ती बसत नाही. ऑनलाइन दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात. पणजी-म्हापशाच्या दुकानांत बुटके कूलर क्वचितच ठेवतात, बहुधा मागवावाच लागेल. चुकीचा आला की परत पाठवण्यात आठवडा जातो.

*

शापोरा_३५:

उंचीचं मी सांगतो.

टेराची मधली भिंत सरकते, हे त्या कॅबिनेटचं खरं बळ. पण दोन्ही बाजूंची जागा एकाच तुकड्यातून वाटून घ्यायची आहे. कूलरला ४८ ते ७७ मिमी, कार्डाला ७२ ते ४३ मिमी. बेरीज कुठेही १२०. तुमचं कार्ड ५० चं, म्हणजे कागदावर कूलरला ७० उरतात आणि ६७ चा 'बसतो'. इथेच लोक फसतात.

कार्डाला ५० दिले की त्याचे पंखे पॅनलला जवळजवळ टेकतात. पंख्यापुढे मोकळी जागा नसेल तर जाळीची भोकं कितीही असोत, हवा अडखळत येते आणि घरघर वाढते. कार्ड तापलं की त्याची उष्णता पलीकडच्या भागातही पोचते, कारण मधली भिंत उष्णता अडवणारी भिंत नाही. कार्डापुढे किमान ५ मिमी सोडा. म्हणजे कार्डाला ५५, कूलरला ६५. भिंत ठरावीक खाचांवरच थांबते, त्यामुळे अगदी मिलीमीटर जुळणार नाही. जवळची खाच धरून एखादा मिमी इकडेतिकडे होईल.

६५ मध्ये ६७ चा कूलर गेला. एक्स५३ बसवला तर पंख्यापुढे १२ मिमी राहतात, हे छान अंतर आहे. एक्स४७ घेतला तर १८ मिमी मिळतात, पण तेवढ्या जास्तीच्या अंतराचा फायदा नाही आणि फिन्स (उष्णता हवेत सोडणारे पातळ पत्रे) ६ मिमीने बुटके होतात. तिघांत एक्स५३ च बरोबर.

आयडी-कूलिंग आयएस-५५ तुमच्या यादीत नाही, पण विचार करण्यासारखा आहे. उंची ५७ मिमी, वर १२० चा पातळ पंखा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो, आवाज खोल आणि सौम्य येतो. अडचण रॅमची. १२० चा पंखा आयटीएक्स बोर्डावर रॅमच्या डोक्यावर येतो. उघडी, हीटसिंक नसलेली डीडीआर५ पट्टी ३१.२५ मिमी उंच असते. वर शोभेचा पत्रा आला की ती ३४-३५ पासून ४० च्या पुढेही जाते. तुमच्या पट्ट्यांची उंची उत्पादकाच्या पानावर पाहा आणि कूलरच्या पानावरच्या रॅमच्या मर्यादेशी ताडून घ्या. ९२ मिमीच्या एएक्सपी९० ला हा प्रश्न नाही. तो सुमारे ९५ मिमी चौरसात मावतो आणि रॅमच्या रांगेबाहेर राहतो.

रॅमइतकीच दुसरी जागा पाहायची ती मागच्या पोर्टांजवळची. आयटीएक्स बोर्डावर व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांचे) हीटसिंक आणि त्यावरची प्लास्टिकची टोपी बऱ्याचदा उंच असते. कूलरचे हीटपाइप (तळाची उष्णता फिनपर्यंत नेणाऱ्या नळ्या) वळसा घेऊन बाहेर येतात त्या बाजूला ती टोपी असेल तर कूलर बसतच नाही किंवा तिरका बसतो. एएक्सपी९० फिरवून बसवता येतो का ते कोऱ्या बोर्डावर, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णतावाहक लेप) लावण्याआधी, नुसता ठेवून पाहा.

मोजण्याची पद्धतही सांगून ठेवतो. कूलरची उंची मोजतात ती प्रोसेसरच्या धातूच्या टोपीपासून, बोर्डापासून नाही. बोर्डाच्या हिरव्या-काळ्या पृष्ठभागावर पट्टी उभी धरली तर सॉकेट आणि प्रोसेसरची जाडी त्यात मिसळते आणि मोठा आकडा येतो. भिंत ठरवल्यावर प्रोसेसर सॉकेटात बसवा, टोपीवर स्टीलची पट्टी हलकेच टेकवा, पॅनलच्या आतल्या कडेपर्यंत वाचा.

*

पेडणे_पंखेवाला:

कूलर येईपर्यंत मशीन सुरू करायचं असेल तर एएमडीचा रेथ स्टेल्थ कुणाकडून मिळतो का पाहा. ५४ मिमी उंच, तुमच्या ६५ मध्ये सहज बसतो. प्रिझमसारखी प्लास्टिकच्या कानांत अडकणारी क्लिप त्याला नाही, चार स्प्रिंगचे स्क्रू थेट बॅकप्लेटमध्ये जातात. हीटपाइप नाहीत, नुसता ॲल्युमिनियमचा गोळा आहे. ८८ वॅटवर तो धापा टाकेल. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या मेनूत) इको मोड, म्हणजे कमी विजेची सेटिंग, लावून विंडोज, ड्रायव्हर वगैरे उरकायला पुरेसा.

*

साळ_नदी:

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितोय.

पूर्ण तांब्याचा कूलर मिरामारला टिकेल, पण चमक टिकणार नाही. उघडं तांबं दमट हवेत काळपटतं आणि मीठ लागलं तर सांध्यांच्या कडेला हिरवट पूड धरते. पृष्ठभागावरच्या काळपट थराने थंड करण्यात कळण्याइतका फरक पडत नाही, तो थर फार पातळ असतो. खरा त्रास फिन हीटपाइपला जिथे घट्ट बसवलेला असतो तिथे. त्या फटीत क्षार शिरून गंज वाढला की धातू-धातूचा संपर्क सैल होतो. दिसत काही नाही, तापमान मात्र वर्षागणिक चढत जातं. निकेलचा मुलामा असलेल्या तांब्याला हा त्रास कितीतरी कमी. फिन ॲल्युमिनियमचे, तळ आणि पाइप मुलामा दिलेल्या तांब्याचे, ही जोडी किनाऱ्याजवळच्या घरासाठी माझ्या मते योग्य. शिवाय तांब्याचं वजन जास्त, आणि टेरात बोर्ड उभा असल्यामुळे ते सगळं वजन स्क्रूंवर आडवं लटकतं. दोन-तीन अंशांच्या फायद्यासाठी हे नको.

खाऱ्या हवेपेक्षाही लवकर मारते ती ओल आणि धूळ मिळून. डिचोली-सत्तरीकडे तांबडी बारीक धूळ, किनाऱ्यावर वाळूची. नुसती कोरडी धूळ फुंकली की उडते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते तेव्हा हीच धूळ फिनच्या दातांत लोकरीसारखी चिकटते. बुटक्या कूलरचे फिन जवळजवळ असतात, आणि पंख्याखाली नेमकं दिसत नाही तिथे ही गादी जमते. वर्षातून दोनदा तरी पंखा उतरवून बघायला हवं. मे अखेर, पाऊस यायच्या आधी, आणि मग चतुर्थी झाल्यावर. रंगकामाचा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. पंख्याच्या पात्याला बोट लावून धरा, हवेने गरगरा फिरवू नका. बेअरिंगवर ताण येतो आणि फिरता पंखा उलट वीजही तयार करतो. व्हॅक्युम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका.

कॅबिनेट खिडकीखाली आणि जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी तासभर चालू केलेलं बरं, आतली ओल वाळते.

*

मांडवीकाठ:

देव बरें करूं, सगळ्यांना. हिशेब डोक्यात बसला. भिंत सरकवून, प्रोसेसर बसवून स्टीलच्या पट्टीने मोजलं: टोपीपासून पॅनलपर्यंत ६४ मिमी, कार्डापुढे ६ मिमी. मुलामा दिलेला एक्स५३ मागवतोय. पंख्यापुढे ११ मिमी राहतील.

आता पुढचं. एक, पंखा उलटा लावून हवा बाहेर फेकावी असं काही ठिकाणी वाचलं, ते टेरात करावं का? दोन, एएम५वर बुटका कूलर पहिल्यांदाच बसवतोय. क्रम आणि पेस्टचं प्रमाण कुणी सविस्तर सांगाल का? पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची चकती (तापल्यावर मऊ होणारी उष्णतावाहक चकती) वापरावी का?

*

डिचोली_बिल्डर:

क्रम सांगतो. सगळं बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असतानाच करायचं. टेरात बोर्ड एकदा आत गेला की बोटं पोचत नाहीत.

बोर्डाच्या डब्यावर बोर्ड ठेवा. आधी एम.२ एसएसडी, मग रॅम, मग प्रोसेसर, मग कूलर. पंख्याचा कनेक्टर सीपीयू-फॅनवर, आणि प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर कॅबिनेटात बोर्ड सरकवतानाच लावून टाका. बोर्ड आत बसल्यावर ती पिन दिसते, पण लावता येत नाही. वायरीचा फेरा पंख्याच्या पात्यात येणार नाही असा मागच्या कडेने न्या.

सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे कान चार स्क्रूंनी बसवलेले असतात, ते काढा. एएम५वर मागची बॅकप्लेट सॉकेटच्या लोखंडी चौकटीलाच जोडलेली असते, त्यामुळे स्क्रू काढले तरी ती पडत नाही. (एएम४वर पडायची, तेव्हा खालून हात धरावा लागायचा.) ती बॅकप्लेट जागेवरच राहू द्या, कूलर तीच वापरतो. काढलेले कान आणि स्क्रू पिशवीत घालून बोर्डाच्या डब्यात ठेवा, पुढे बोर्ड विकताना लागतात.

कूलरसोबतचे एएम५चे भाग वेगळे काढा. इंटेलसाठीचे स्क्रू आणि पट्ट्या त्याच पिशवीत असतात आणि लांबीत थोडासाच फरक असतो. चुकीचा लांब स्क्रू घट्ट होतो खरा, पण तळ टोपीला दाबतच नाही. कूलर बसवून झाल्यावर हलक्या हाताने डोलवून पाहा. जरा जरी फिरला तर स्क्रू चुकलेत.

कूलरच्या तळाचं पारदर्शक संरक्षक पान काढायचं राहून जातं, ते काढा. ९५ अंश सेकंदात गाठणाऱ्या किती तरी मशीनचं कारण तेवढंच असतं.

पेस्टचं प्रमाण. एएम५ची टोपी चौकोनी पण कडेला आठ खाचांची आहे, आणि खाचांमध्ये छोटे कपॅसिटर आहेत. मध्ये वाटाण्याएवढा एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे मसुराएवढे चार, एवढं पुरे. मध्येच एक ठिपका टाकून सोडू नका, कारण गाभ्यांचा तुकडा टोपीच्या नेमक्या मध्यभागी नसून एका बाजूला आहे आणि बुटक्या कूलरचा दाब मोठ्या टॉवरइतका नसतो. पेस्ट कडेपर्यंत पोचायलाच हवी. जास्त झाली तर खाचांत उतरते. वीज न वाहणारी साधी पेस्ट असेल तर नुकसान नाही, फक्त पुढे पुसताना वैताग. द्रव धातू मात्र वापरूच नका. तो वीज वाहतो, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते ठिसूळ करून टाकतो.

स्क्रू तिरक्या जोडीने आवळा. वरचा डावा दोन फेरे, खालचा उजवा दोन फेरे, मग उरलेली जोडी. पुन्हा त्याच क्रमाने, थांबेपर्यंत. एक कोपरा आधीच पूर्ण आवळला की तळ तिरका बसतो, पेस्ट एका बाजूला ढकलली जाते आणि मग सगळं सोडून पुसून पुन्हा करावं लागतं. पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड.

पीटीएम७९५० बद्दल: हो, तुमच्या कामाला ती जास्त योग्य. सुमारे ४५ अंशांवर ती मऊ होऊन पसरते आणि त्यानंतर साध्या पेस्टसारखी कडेला सरकत जात नाही. तुमचं मशीन रोज गरम-थंड होणार, त्यात पेस्ट वर्षा-दोन वर्षांत मध्यभागी पातळ होते. चकती टोपीच्या आकारात कापा. तिची फिल्म निघायला कठीण जाते म्हणून लोक ती फ्रीजमध्ये ठेवतात. आपल्याकडे दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या वस्तूवर लगेच दव धरतं. म्हणून झिपलॉक पिशवीत बंद करून दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढा, पिशवीच्या आतच फिल्म सोडवायला सुरुवात करा. एका फिल्मची बाजू आधी टोपीवर टेकवा, दाबा, मग दुसरी फिल्म काढा. पहिल्या दिवशी तापमान थोडं जास्त दिसेल. दोन-चार वेळा पूर्ण गरम होऊन थंड झाली की ती बसते.

*

शापोरा_३५:

पंखा उलटा लावायचा का, यावर मी 'आधी नाही' म्हणेन.

टेरात कूलरचा पंखा पॅनलच्या जाळीतून थेट बाहेरची ताजी हवा ओढतो आणि बोर्डावर खाली सोडतो. खोली ३३ अंशांची असली तरी ती आतल्या हवेपेक्षा थंडच. शिवाय तीच हवा व्हीआरएमवर, रॅमवर आणि बोर्डाच्या पुढच्या एम.२वर जाते. सलग दोन तासांच्या एक्स्पोर्टमध्ये या तिघांना ती लागते. उलटा लावला की कूलर आतली, कार्डाने गरम केलेली हवा ओढतो. काही कॅबिनेटांत यामुळे फायदा होतो, कारण तिथे गरम हवा बाहेर पडायला दुसरी वाटच नसते. टेराला वरही जाळी आहे.

खरा फायदा दुसऱ्या गोष्टीत आहे. पंख्यापुढच्या ११ मिमीच्या फटीतून पंखा बाहेरची हवा ओढतोच, पण कडेने आतलीही गरम हवा परत ओढतो. ती वाट बंद करा. दारांना लावायची, या फटीइतक्या जाडीची मऊ फोमपट्टी पंख्याच्या चौकटीवर चारी बाजूंनी लावा. पॅनल बसवल्यावर तिने नुसतं टेकावं, दाबू नये. जाड पट्टी दाबली गेली तर पॅनल फुगतं किंवा पंख्याची चौकट वाकून पातं घासतं. पट्टीचा गोंद आपल्या दमट हवेत काही महिन्यांत सुटतो. म्हणून पंख्याच्या चारही कोपऱ्यांवर पातळ केबल-टायने पट्टी जागेवर धरा, नाहीतर सुटलेली पट्टी पात्यात जाते.

*

पेडणे_पंखेवाला:

उलट्या पंख्याबद्दल थोडा वेगळा सूर. 'आधी नाही' ठीक, पण 'कधीच नाही' नको. फोमपट्टी लावूनही कार्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी राबतात तेव्हा तापमान चढत राहिलं, तर अर्ध्या तासाची चाचणी करून बघायला हरकत नाही. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे आणि स्टिकर असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा लावाल तेव्हा फोमपट्टी तशीच राहू द्या, तिचं काम दोन्ही दिशांनी सारखंच. व्हीआरएमचं तापमान मात्र तेव्हा वेगळं लिहून ठेवा.

पंखा बदलायचा विचार पुढे आला तर: एक्स५३ वरून १५ मिमीचा पंखा काढला की खाली ३८ मिमीचा गाभा उरतो. त्यावर ९२ चा २५ मिमी जाडीचा लावला तर ६३ होतात. तुमच्या ६४ मध्ये मावेल, पण पुढे एक मिमीच राहतो. म्हणून तुमच्यासाठी तो मार्ग बंद समजा.

*

डिचोली_बिल्डर:

पेडणेबाब, बरोबर. ६३ चा आकडा मोहात पाडतो, पण पंख्यापुढचं अंतर संपलं की जाड पंख्याचा फायदाही संपतो.

आता बायोस, कारण कूलरपेक्षा स्वस्त थंडावा तिथेच मिळतो. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमध्ये (प्रोसेसरच्या वीज-मर्यादांचा मेनू) जाऊन मर्यादा हाताने भरायचा पर्याय निवडा आणि पीपीटी ८८ वरून ६५ करा. लक्ष द्या: काही बोर्डांच्या एका मेनूत हा आकडा वॅटमध्ये असतो आणि एएमडीच्या स्वतःच्या मेनूत मिलिवॅटमध्ये. तिथे ६५ टाकलं तर मशीन गोगलगाय होतं, ६५००० टाकावं लागतं. टीडीसी ७५ आणि ईडीसी १५० (विजेच्या प्रवाहाच्या मर्यादा, अँपिअरमध्ये) हे मूळ आकडे तसेच राहू द्या. त्यापुढे कर्व्ह ऑप्टिमायझर (गाभ्यांचं व्होल्टेज उतरवणारी सेटिंग), सगळ्या गाभ्यांना उणे १५ पासून. उणे ३० वर उडी मारू नका. अस्थिर सेटिंग जड कामात नाही, उलट मशीन रिकामं असताना किंवा झोपेतून उठताना लटकतं, आणि मग दोष रॅमला लागतो.

६५ वॅटवर आठही गाभे एकदम राबतात तिथे थोडा वेग कमी होईल, एक-दोन गाभ्यांच्या कामात फरक जाणवणार नाही. रिझॉल्व्हसारख्या संपादनाच्या प्रणालीत एक्स्पोर्टचा बराचसा भार कार्ड उचलतं, त्यामुळे तुमच्यासाठी हा व्यवहार फायद्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ८८ आणि मार्चपासून ६५, असे दोन प्रोफाइल बायोसमध्ये साठवून ठेवा.

पंख्याची चाल: ६० अंशांपर्यंत ४० टक्के सपाट, ८० ला ७० टक्के, ९० ला पूर्ण. झेन ४ चं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात १५ अंश उडी मारतं. पंख्याने प्रत्येक उडीमागे धावू नये म्हणून 'स्टेप अप' विलंब तीन-चार सेकंदांचा ठेवा.

चाचणी दोनदा करा. सिनेबेंचची (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी प्रणाली) सलग अर्ध्या तासाची फेरी, एकदा पॅनल काढून, एकदा लावून, खोलीचं तापमान दोन्ही वेळा कागदावर. एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रणालीत 'टीसीटीएल' (प्रोसेसरचं तापमान) आणि पॅकेज पॉवर (तो खातो ती वीज) पाहा. पॅनल लावल्यावर पाच अंशांहून जास्त चढलं तर दोष हवेच्या वाटेत आहे: फोमपट्टी, भिंतीची खाच, कार्डापुढचं अंतर. पॅनल काढूनही पहिल्या काही सेकंदांत ९५ गाठलं तर दोष बसवण्यात आहे, पंखा वाढवून उपयोग नाही, उतरवा आणि पेस्टचा ठसा पाहा. ठसा एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कोरा असेल तर स्क्रू एकसारखे आवळले गेले नाहीत.

आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळा राहिला तर कूलर उतरवू नका. डीडीआर५ची रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळवणी करते, त्याला काही मिनिटं लागतात. पंखा फिरतोय आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा लागलाय, एवढं दिसलं की पंधरा मिनिटं हात लावू नका.